शेवटच्या ओळीतला एसएमपीएस

बारावीचा निकाल लागला की काही घरांत दुचाकीचा विषय निघतो, काही घरांत गेमिंग पीसीचा. नागपुरातले असेच एक घर डोळ्यांसमोर आणा. मुलाने महिनाभर व्हिडिओ पाहून सुट्या भागांची यादी केली आहे. वडिलांनी ऐंशी हजारांपर्यंत होकार दिला आहे. दोघे दुकानात उभे आहेत आणि दुकानदाराने काढलेल्या कोटेशनची बेरीज सहा-सात हजारांनी वर गेली आहे. आता कात्री कुठे लावायची?

प्रोसेसरला हात लावायचा नाही, कारण मित्राकडे तोच आहे. ग्राफिक्स कार्डासाठीच तर हा सगळा खटाटोप. नजर खाली खाली सरकत शेवटच्या ओळीवर येते. तिथे लिहिलेले असते ‘एसएमपीएस’. या नावाचा गेम चालवण्याशी काही संबंध असेल असे वाटत नाही. दुकानदारही मदतीला येतो, ‘काका, या कॅबिनेटमध्ये बसवूनच येतो तो. वेगळा कशाला घेता?’ ओळ खोडली जाते, बेरीज जुळते आणि सगळे खूश होऊन घरी येतात.

सुट्या भागांतून जोडलेल्या संगणकात काटकसर करायला दहा जागा असतात. त्यातली ही सर्वांत वाईट जागा आहे.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या तळाशी किंवा माथ्यावर बसणारा पत्र्याचा डबा. भिंतीतून आलेली २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज तो घेतो आणि संगणकाला लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकाच दिशेने वाहणारी वीज देतो. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे खादाड, आणि दोघेही १२ व्होल्टवर जगतात. शाळेत शिकलेले एक साधे सूत्र इथे उपयोगी पडते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. म्हणजे तेवढेच वॉट कमी व्होल्टवर पोहोचवायचे तर अँपिअर वाढतात. आरटीएक्स ४०९० या कार्डाची कमाल गरज ४५० वॉट. भिंतीच्या सॉकेटपाशी ते दोन अँपिअरच्या आत बसतात, पण १२ व्होल्टच्या तारेतून तेच ४५० वॉट नेताना ३७.५ अँपिअर होतात. न्हाणीघरातला दोन किलोवॉटचा गीझर नऊ अँपिअरसुद्धा घेत नाही, आणि त्याच्यासाठी आपण वेगळी जाड वायर आणि मोठे सॉकेट बसवतो. एवढे महागडे कार्ड घेत नाही म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. २०० वॉटच्या मधल्या कार्डालाही जवळपास १७ अँपिअर लागतात, म्हणजे गीझरच्या दुपटीजवळ.

एवढा प्रवाह वाहत असताना जोड किंचित सैल राहिला तर काय होते, हे २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जगाने पाहिले. आरटीएक्स ४०९० बाजारात येऊन काही दिवस झाले नाहीत तोच वितळलेल्या प्लगचे फोटो फिरू लागले. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडिया कंपनीने जगभरातून सुमारे पन्नास तक्रारी आल्याचे सांगितले आणि प्लग पूर्ण आत न बसणे हे कारण पुढे केले. पुढे त्या जोडाची रचनाही सुधारण्यात आली. प्लग नीट बसला नसेल तर कार्डाने पूर्ण वीज मागूच नये, अशा बेताने पिनांची लांबी बदलली गेली. त्यामागचे विज्ञान असे. ३७.५ अँपिअर सहा पिनांत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला सहाच्या आसपास येतात. तीन पिना नीट टेकल्या नाहीत तर उरलेल्या तिघींवर दुप्पट प्रवाह येतो आणि त्यांची उष्णता दुपटीने नव्हे, चौपटीने वाढते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून कार्डाचा प्लग ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबायचा आणि त्याच्या तोंडाशीच तार करकचून वाकवायची नाही.

आता त्या फुकट आलेल्या डब्याकडे वळू. त्यावर ठळक अक्षरांत ‘४५० वॉट’ लिहिलेले असते. मुलाच्या यादीतल्या भागांची बेरीज तीनशे वॉटच्या आत आहे, तेव्हा भरपूर झाले असे कोणालाही वाटेल. पण डब्याच्या एका बाजूला बारीक अक्षरांचा तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहायचे. तिथे १८ असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. संगणकाच्या मुख्य कामासाठी एवढेच उपलब्ध आहेत. उरलेले वॉट ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवलेले असतात, आणि आजचा संगणक ते फारसे वापरत नाही. काही डब्यांवर तर क्षणभर पेलता येणारा आकडा नेहमीची क्षमता म्हणून छापलेला असतो. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर ४५ अँपिअरच्या आसपासचा आकडा दिसतो. १२ ने गुणले की तो जवळपास पूर्ण क्षमतेला जाऊन भिडतो.

‘८० प्लस’चा ब्राँझ किंवा गोल्ड शिक्का पाहून घेणेही योग्यच, पण तो शिक्का काय सांगतो हे लक्षात ठेवावे. भिंतीतून घेतलेल्या विजेतला किती भाग संगणकापर्यंत पोहोचतो आणि किती डब्यातच उष्णता होऊन वाया जातो, एवढेच तो सांगतो. शॉर्टसर्किट झाल्यावर डबा स्वतःला बंद करील का, व्होल्टेज अचानक चढले तर मदरबोर्डला वाचवील का, हे त्या शिक्क्यात नसते. त्यासाठी जास्त भार, जास्त व्होल्टेज, शॉर्टसर्किट आणि जास्त तापमान या चारही गोष्टींपासून संरक्षण असल्याचा उल्लेख खोक्यावर शोधायचा आणि वॉरंटीची वर्षे मोजायची. पाच-सात-दहा वर्षांची हमी देणाऱ्याने आत घातलेल्या मालाचा हिशेब केलेला असतो. ग्राफिक्स कार्डे सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती आपल्या छापील गरजेच्या कितीतरी वर उडी मारतात. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकाने याची दखल घेतली. नव्या प्लगच्या एसएमपीएसने स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद पेलला पाहिजे, अशी अट त्यात आली. स्वस्त डबा अशा झटक्याला बंद पडतो. गेम रंगात आला की संगणक आपोआप रीस्टार्ट होतो आणि घरात सगळे विंडोजला नावे ठेवत बसतात.

या डब्यातले सर्वांत लवकर म्हातारे होणारे अवयव म्हणजे कपॅसिटर. त्यांच्यात एक द्रव असतो आणि तो वर्षानुवर्षे हळूहळू उडून जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सदोष द्रवामुळे जगभरातल्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून फुटले होते. त्या काळात संगणक दुरुस्त केलेल्या माणसाला वर टपोरे आलेले ते छोटे डबे आजही आठवत असतील. चांगल्या एसएमपीएसमध्ये १०५ अंशांसाठी बनवलेले कपॅसिटर असतात, स्वस्तात ८५ अंशांचे. जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो, तिथे हे वीस अंश म्हणजे काही वर्षांचा फरक.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे, तर त्याचाही हिशेब करू. परदेशातल्या परीक्षणांत ‘गेम खेळताना तापमान ७० अंश’ असे वाचून आपण खूश होतो. ते मोजमाप बहुतेक वेळा २०-२५ अंशांच्या खोलीत झालेले असते. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. त्यामुळे चिप खोलीपेक्षा किती अंशांनी वर राहते, हाच आकडा खरा. पंचवीसच्या खोलीत सत्तर म्हणजे ४५ अंश वर. तेच यंत्र चाळीस अंशांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ८५ च्या घरात जाईल. जळणार नाही; आजच्या चिपा मर्यादा जवळ आली की स्वतःचा वेग कमी करतात. पण पैसे पूर्ण वेगाचे मोजलेले असतात.

शिवाय संगणकाने खाल्लेला प्रत्येक वॉट शेवटी खोलीतच उष्णता होऊन येतो. गेम, आवाज, रंगीत दिवे, सगळ्याचा शेवट तोच. पाचशे वॉट खाणारा पीसी म्हणजे अर्धा किलोवॉटचा हीटर. दहा बाय दहाच्या बंद खोलीत फक्त हवाच तापत असती तर तापमान मिनिटाला जवळपास एक अंश चढले असते. प्रत्यक्षात भिंती, गादी, कपाट उष्णता शोषून घेतात म्हणून वेग कमी असतो, पण दार लावून तीन तास बसलेल्या मुलाला ती जाणवतेच. त्याचे स्वतःचे शरीर आणखी शंभर वॉटची भर घालत असते. घाम येतो, डोके दुखते आणि दोष डोळ्यांना किंवा स्क्रीनला दिला जातो. खिडकी उघडी ठेवणे आणि पाण्याची बाटली टेबलावर असणे हा इथला साधा उपाय आहे. विदर्भातला कूलर मात्र कॅबिनेटवर थेट सोडू नये. त्याच्या झोतात ओल असते, कधी बारीक तुषारही.

म्हणून कॅबिनेट निवडताना समोर काच आहे की जाळी, हे आधी पाहावे. बंद काचेमागे तीन रंगीत पंखे बसवणे म्हणजे खिडकी लावून पंखा सुरू करण्यासारखे. समोर जाळी आणि तिच्यामागे काढून धुता येणारी धूळगाळणी हवी. मोठा पंखा तेवढीच हवा सावकाश फिरून देतो, त्यामुळे आवाजही कमी.

मग पैसे वाचवायचे कुठे? सुरुवात स्क्रीनपासून करावी. बहुतेक जण ती शेवटी ठरवतात आणि तिथेच गणित चुकते. साध्या फुल एचडी स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, १४४० पी म्हणतात त्या स्क्रीनवर ३६.९ लाख, फोर-के वर ८२.९ लाख. ग्राफिक्स कार्डाला हे सगळे ठिपके सेकंदाला ६० किंवा १४४ वेळा रंगवायचे असतात. घरात फुल एचडी स्क्रीन असेल आणि तीच वापरायची असेल, तर फोर-के साठी बनलेले कार्ड म्हणजे चाळीत सहा आसनी गाडी उभी करणे. आरटीएक्स ४०६० सारखे ११५ वॉटचे कार्ड त्या स्क्रीनला पुरते, आणि त्याच्यासाठी कंपनीच ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. कार्ड एका पायरीने खाली आणले की डब्याचे पैसे सुटतात.

प्रोसेसरचेही तसेच. निव्वळ गेमिंगसाठी सहा कोअरचा प्रोसेसर आजही चांगला चालतो. व्हिडिओ संपादन किंवा तशी जड कामे करणाऱ्याने आठ-बाराचा विचार करावा. सर्वांत वरचे मॉडेल घेण्याचा मोह टाळण्याला आणखी एक कारण आहे. वरच्या टोकाच्या चिपा शेवटच्या पाच-सात टक्के वेगासाठी भरमसाट वीज घेतात. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या काही प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचे उघड झाले. कंपनीला ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. त्या पिढीचा प्रोसेसर कोणी जुन्या बाजारातून घेत असेल, तर मदरबोर्डचे बायॉस अद्ययावत आहे ना हे पाहणे ही पहिली पायरी.

रॅमबद्दल एवढेच, की सोळा जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनी माहिती वाहते. आणि बायॉसमध्ये जाऊन रॅमचा छापील वेग सुरू करून घ्यावा, नाहीतर ती हळूच चालत राहते आणि कोणाला कळतही नाही. मदरबोर्डवर रंगीत दिव्यांसाठी जादा पैसे देऊ नयेत. एसएसडी पुढे वाढवता येते. एसएमपीएस मात्र एकदाच नीट घेतला की पुढचे दोन-तीन ग्राफिक्स कार्ड बदलेपर्यंत साथ देतो. तो बदलताना एक पथ्य पाळायचे. सुट्या होणाऱ्या तारांचे एसएमपीएस मिळतात, त्यातल्या एकाच्या तारा दुसऱ्याला लावायच्या नाहीत. प्लग तंतोतंत बसतो, पण आतला क्रम वेगळा असू शकतो. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की हार्ड डिस्क त्याच क्षणी संपते, आतल्या फोटोंसकट.

विजेच्या बिलाचाही अंदाज असावा. ४०० वॉट, रोज चार तास, महिना तीस दिवस, म्हणजे ४८ युनिट. शंभर युनिटांच्या पहिल्या टप्प्यात बसणारे घर त्याने पुढच्या टप्प्यात जाऊ शकते. यावर फुकटचा उपाय आहे. साठ हर्ट्झच्या स्क्रीनवर सेकंदाला दीडशे चित्रे पाठवून काही दिसत नाही, म्हणून गेममध्ये चित्रांची मर्यादा स्क्रीनइतकीच ठेवावी. कार्डाचे व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवता आले तर वेग तोच राहूनही वीज एकोणीस टक्क्यांच्या आसपास वाचते, कारण चिपमधला खर्च व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे चालतो. मुले वेग वाढवण्याचे प्रयोग करतात. हा उलट प्रयोग त्यांना दाखवला तर त्यातही ती रमतात.

आता लाइट जाण्याचा प्रश्न. बाजारात सहज मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॉटच देतो. व्हीए आणि वॉट एक नव्हेत. त्यावर पीसी, स्क्रीन, राउटर आणि स्पीकर सगळे लादले की लाइट जाताक्षणी यूपीएस ओरडतो आणि सगळे एकदम बंद. घरातल्या इन्व्हर्टरवर पीसी चालवायचा असेल तर त्याचे बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का ते पाहावे. भिंतीची वीज गेल्यावर एसएमपीएस साठवलेल्या ऊर्जेवर सेकंदाचा फार तर साठावा भाग तग धरतो. बदल त्याच्या आत झाला पाहिजे. जुन्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर काही चांगले एसएमपीएस कुरकुरतात किंवा सुरूच राहत नाहीत. साइन वेव्हचा असेल तर ही कटकट नसते.

एवढे सगळे निवडून पीसी घरी जोडला, सुरू झाला, आणि पहिल्याच रात्री मुलगा म्हणतो, ‘बाबा, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात.’ हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते, आणि त्यावर ‘अनवाणी बसू नको, चप्पल घाल’ एवढेच उत्तर मिळते.

त्या मुंग्यांचे कारण ठरलेले आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून पत्र्यापर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. पत्रा अर्थिंगला जोडलेला असेल तर त्यांच्यातून झिरपणारी चिमूटभर वीज जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर दोन कपॅसिटरांच्या मधोमध लटकलेला पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगतो. प्रवाह फार थोडा असल्याने नुसती झिणझिण जाणवते. तेवढ्याने इजा होत नाही. पण ती झिणझिण सांगत असते की या घरातली सुरक्षेची तार तुटलेली आहे. उद्या डब्यातले एखादे आवरण फाटून फेजची तार पत्र्याला टेकली, तर विजेला जमिनीकडे जायला मार्ग नसेल आणि ती हात लावणाऱ्याची वाट पाहील. पॅनेलवरचा एमसीबी त्या वेळी पडणार नाही. तो वायरिंगला वाचवायला बसवलेला असतो, माणसाला नाही. सहा अँपिअरच्या एमसीबीला सहा अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो, माणसाच्या जिवाला त्याचा छोटासा अंशही पुरतो. माणसासाठी असतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि जुन्या इमारतींत तो बऱ्याचदा नसतो.

कधी कधी दोष भिंतीत नसून वायरमध्ये असतो. काही एसएमपीएसबरोबर युरोपी धाटणीचा, दोन जाड गोल पिनांचा प्लग येतो. त्याचे अर्थिंग पिनेत नसते, कडेच्या धातूच्या पट्टीत असते. आपल्या सॉकेटमध्ये किंवा ‘कशातही बसतो’ अशा एक्स्टेंशन बोर्डात तो आरामात शिरतो आणि ती पट्टी हवेत राहते. आपल्याकडची तीन पिनांची वायर वेगळी मिळते. तिची अर्थिंगची पिन लांब आणि जाड असते, म्हणजे घुसताना ती आधी टेकते आणि निघताना शेवटी सुटते.

वायर बदलूनही मुंग्या राहिल्या तर वायरमनला बोलवायचे, आणि टेस्टर नव्हे, मीटर घेऊन यायला सांगायचे. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट. असे आकडे आले तर ठीक. न्यूट्रल आणि अर्थमधला आकडा काटेकोर शून्य आला तर खूश होऊ नये. सॉकेटच्या मागे कोणीतरी न्यूट्रलचाच तुकडा अर्थिंगच्या पिनेला जोडून ठेवलेला असू शकतो. मुंग्या त्याने थांबतात, मीटरही समाधानी होते. पण कधी न्यूट्रल तुटला, की पूर्ण २३० व्होल्ट त्या तुकड्यातून कॅबिनेटच्या पत्र्यावर येतात.

नागपूरच्या त्या घरात बोर्ड उघडल्यावर असा तुकडा नसेल अशी आशा करू. जुन्या बांधकामांत बहुधा दिसते ते असे. हिरवी तार स्वयंपाकघरातल्या आणि न्हाणीघरातल्या मोठ्या सॉकेटपर्यंत आलेली असते, पण मुलाच्या खोलीत दिवा-पंख्यापुरतीच वायरिंग झालेली असते, तिथवर ती आलेलीच नसते. स्वयंपाकघरातून ती ओढून आणायला वायरमनला एक दिवस लागतो. तेवढा एक दिवस नव्या कॅबिनेटवर चादर टाकून ठेवायची आणि प्लग भिंतीतून काढून ठेवायचा.